कंसातल्या मेंढ्या

सोमवार, २ मार्च

माझ्या कमिटीतल्या लिंडग्रेन आजोबांना माझ्या चौदाव्या तळटीपेत शेळी सापडली आहे. माझ्या गाइड व्हिटेकर मॅडमची मेल सकाळी सातलाच आली. शब्द सगळे गोड, पण अर्थ एवढाच की गुरुवारी येऊन भेट आणि ज्या मेंढपाळाची मुलाखत घेतलीस त्याच्याबद्दल नीट सांग.

डोकं फिरलंय माझं. म्हणून ही वही काढली. शांतपणे लिहून काढलं तर मी कुठे अडकलेय ते माझं मलाच कळेल.

माझा प्रबंध जुन्या ग्रीकमधल्या गुरं-मेंढरं सांभाळण्याच्या क्रियापदांवर. त्यातल्या या प्रकरणाचा कणा म्हणजे हाताच्या पंजाएवढा पपायरसचा एक तुकडा. इजिप्तमधला कुणी मेंढपाळ आपल्या मालकाला पत्र लिहितोय, दोन हजार वर्षांपूर्वी. सात ओळी उरल्यात, खालचं फाटलंय. पाचवी ओळ अशी: ‘मेंढ्या मी एकटा चारतो, पण एकट्याला [मेंढ्या] राखवत नाही.’ चारणं म्हणजे बोस्केइन. राखणं म्हणजे पोइमाइनेइन. कंसातल्या मेंढ्या मुळात नाहीत. दुसऱ्या क्रियापदाला त्या गड्याने कर्मच दिलेलं नाही. ते संपादकांनी घातलं आणि मीही तसंच ठेवलं, कारण मेंढपाळ मेंढ्या नाही राखणार तर काय राखणार.

आजवर सगळे म्हणत आले की दोन्ही क्रियापदं एकाच अर्थाची, बिचारा अडाणी माणूस तेच दोनदा बोलला. मी म्हणते अजिबात नाही. चारणं वेगळं आणि राखणं वेगळं. पुरावा म्हणून तळटीप चौदा: माण तालुक्यातला एक मेंढपाळ, वय बासष्ट, प्रत्यक्ष मुलाखत. त्याचे शब्द जसेच्या तसे: ‘बकरी चाराय एक माणूस पुरतंय. राखाय दोन लागत्यात, एक म्होरं, एक मागं.’ पुढचा कळपाला पिकापासून वळवतो. मागचा लंगडं, व्यालेलं, मागे राहिलेलं गोळा करत येतो.

आता लिंडग्रेन आजोबांनी काय करावं? त्यांच्या शेजारी राहणाऱ्या अंकुरला विचारलं, बकरी म्हणजे काय रे. अंकुर मुंबईचा, कॉम्प्युटर सायन्सवाला. त्याने सांगितलं, शेळी. झालं. ग्रीकमध्ये शेळ्यांचा राखणारा वेगळा, त्याला शब्दही वेगळा. म्हणजे माझा पुरावा शेळ्यांचा, आणि मुळात बोलणारा माणूस मेंढपाळ होता का, ही शंका.

धनगर मेंढ्यांनाच बकरी म्हणतात. शेळ्यांना शेरडं. हे अंकुरला माहीत नसणारच. मला माहीत आहे, कारण तो बासष्ट वर्षांचा मेंढपाळ म्हणजे माझे तात्या.

हे इथे कुणालाच माहीत नाही. पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी बोलून गेले की लंगडी मेंढी कळपाच्या डाव्या अंगाला राहते. व्हिटेकर मॅडमनी विचारलं, तुला कसं माहीत? मी म्हटलं, फील्डवर्क. एक शब्द. खरं सांगितलं असतं तर त्या दिवसापासून मी ‘मेंढपाळाची मुलगी’ झाले असते, सगळ्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं असतं. मला ग्रीकवर पास व्हायचं होतं, बापाच्या घोंगडीवर नाही.

२७ तारखेला कमिटी बसते. हे प्रकरण पास झालं तर मी पीएचडीची रीतसर उमेदवार. नापास झालं तर सप्टेंबरपासून फंडिंग बंद, आणि त्यामागोमाग व्हिसाही.

गुरुवार, ५ मार्च

व्हिटेकर मॅडमसमोर पाऊण तास बसले. (शरयू, माझी रूममेट, त्यांना विटेकर म्हणते. म्हणते, नावावरून तर कोल्हापूरच्या वाटतात.) बकरी-शेरडांचं त्यांना पटलं. वहीत लिहूनही घेतलं. मी मनातल्या मनात सुटले म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या, ‘‘मला पटून काय उपयोग, लिंडग्रेनना पटायला हवं. त्या मेंढपाळालाच कमिटीसमोर आणू या ना. व्हिडिओ कॉल, दहा मिनिटं. तू दुभाषी हो.’’

मी म्हटलं त्यांना सवय नाही, रेंज नसते, गुडघे दुखतात. गुडघ्यांचा काय संबंध, देव जाणे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘‘त्या खोलीत मेंढपाळांवर इतकं बोलणं झालंय, पण एकही मेंढपाळ कधी आलेला नाही.’’

मग उठता उठता, अगदी सहज: ‘‘तुझ्या ओळखीचे आहेत का ते?’’

तेव्हा सांगायचं होतं. दार बंद होतं, बाई चांगल्या आहेत. मी म्हटलं, ‘‘गावाकडचे आहेत.’’ जिभेला काही हाडबिड आहे की नाही मला.

रविवार, ८ मार्च

आजपासून घड्याळ एक तास पुढे. सकाळी नऊला तात्यांना फोन लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. पहिल्याच रिंगला उचलला. लाइन इतकी स्वच्छ की शेजारी बसून बोलल्यासारखे वाटले. एरवी मी रात्री फोन करते, तेव्हा तिकडे सकाळ आणि बकरी रानात; पण या वेळी मेंढ्या रानातून आल्या की कोकरं इतकी ओरडायची की मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा. बरंच झालं. नाहीतर आजचं बोलणं ओरडून करावं लागलं असतं.

‘‘एवढी रेंज म्हणजे तुम्ही घरीच. कसे? या दिवसांत तर आपला वाडा बकऱ्यांसकट कोकणात असतो.’’

‘‘गुडघा धरलाय. औंदा लांब गेलो न्हाई. धर्मा बगतुया.’’ धर्मराज म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याची मेंढरांची खांड वेगळी, आमची वेगळी, पण नड असली की तो दोन्हीकडे बघतो.

मग सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. म्हटलं, कॉलेजचे दोन मोठे मास्तर तुम्हाला प्रश्न विचारणार, मी मधे भाषांतर करणार. फक्त आपलं नातं सांगायचं नाही. इथले नियम तसे आहेत.

तात्या म्हणाले, ‘‘म्हंजे मी तुजा कोन न्हाई म्हनायचं.’’

‘‘दहा मिनिटं फक्त, तात्या.’’

‘‘बरं. मग तुला हाक काय मारू?’’

‘‘मॅडम म्हणा.’’

‘‘मॅडम,’’ त्यांनी म्हणून बघितलं. आणि हसले. मलाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘बकरी दाकवायला लागत्यात का त्यास्नी?’’ मी म्हटलं दिसली तर फार चांगलं होईल. आणि तुमची हाक ऐकून ती माना कशी वर करतात तेही, ते मी प्रकरणात लिहिलंय. ‘‘बगतो,’’ म्हणाले. एवढ्याशा गोष्टीला ‘बगतो’ काय. आमच्या बकऱ्यांनी तर तात्यांची शीळ दोन शेतं पलीकडून ओळखली आहे.

बुधवार, ११ मार्च

आज मोठ्या कोशात बुकोलेइन काढलं. गुरं राखणं. पुढे दुसरा अर्थ: भुलवणं, फसवणं. म्हणजे ग्रीकांना गुरं राखता राखता फसवणंही आलंच. पोइमाइनेइनचाही असाच एक आडअर्थ आहे, बारीक अक्षरात. पुढे चालणारा काहीतरी गोड आवाज काढत राहतो आणि कळप विश्वासाने मागून येतो, त्यावरून आला असेल.

आपल्याकडे राखण्याला असा डाग नाही. लाज राखतो, मान राखतो, मन राखतो. हां, हातचं राखतो. ते मला चांगलं जमतं.

कोश मिटला. आज कामाचं काही झालं नाही.

रविवार, १५ मार्च

तालीम घेतली. मी इंग्रजीत प्रश्न विचारायचा, मग मराठीत, मग तात्यांनी उत्तर द्यायचं. ते एकदम तयार आहेत, माझ्यापेक्षा जास्त. ‘‘हां मॅडम, इच्यारा मॅडम.’’ फक्त मधेच विषय सोडून विचारतात, तिथं अजून किती वर्षं, आणि शिकून झाल्यावर इकडं येणार का तिकडंच. मी म्हटलं, तात्या, आधी हे निभावू द्या. म्हणाले, ‘‘व्हय, व्हय. आदी ते.’’

कॉल धर्माच्या फोनवरून करणार म्हणाले, त्याचा कॅमेरा चांगला आहे. म्हणजे धर्माच्या वाघरापाशी जावं लागेल. वाघर म्हणजे बकरी कोंडायची जाळी. मी विचारलं, आपली जाळी कुठाय? तर म्हणाले, ‘‘कशाला लागत्यात आता दोन जाळ्या.’’ बरोबर आहे, दोन्ही खांडी एकत्र बसवत असतील.

फोन ठेवला तर शरयू दारात चहाचा मग घेऊन उभी.

‘‘तात्या म्हणजे तुझे बाबा ना? ते ॲनिमल हजबंडरीत आहेत ना?’’

हे मी तिला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तसं बघितलं तर खोटं नाही. आज सगळं ओकून टाकलं. मला वाटलं ती हसेल किंवा ‘वाव, सो कूल’ म्हणेल. यातलं काहीच नाही.

‘‘यार प्रणिता, मी तुला माझ्या डिव्होर्सचं सांगितलं. आईला सांगायच्या आधी. आणि तू मला बकऱ्यांचंसुद्धा सांगितलं नाहीस?’’

मी म्हटलं तुला नाही कळायचं, तुझे वडील पुण्यात डॉक्टर. ती म्हणाली, ‘‘हो, नाही कळणार. पण माझ्या बाबांनी मला मॅडम म्हटलेलं मला नसतं चाललं. कॉल कॅन्सल कर. खरं सांगून टाक.’’

सांगणं सोपं आहे. व्हिसा तिचा जाणार नाहीये.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले नाही. शरयू गेली, माझ्यासाठी डब्यात श्रीखंड घेऊन आली, टेबलावर ठेवलं, बोलली नाही.

दुपारी संमतीपत्राचा फॉर्म भरून पाठवला. ज्याची मुलाखत घेतली त्याच्याशी संशोधकाचं नातं, असा एक रकाना आहे. मी लिहिलं, ‘नाही’. सही केली.

तोंडाने बोललेलं एक वेळ मागे घेता येतं. आता हे कागदावर आहे. सही मात्र छान आली.

मंगळवार, २४ मार्च

दोन दिवस तात्यांचा फोन लागेना. जीव टांगणीला. शेवटी धर्माला लावला.

‘‘तात्या कुठायत?’’

‘‘हैत की. रानात.’’

‘‘गुडघा?’’

‘‘हाय आपला. तू काळजी करू नगंस, शुक्रवारचं समदं जमवलंय आमी.’’

‘‘बकरी कुठं बसवलीत?’’

‘‘माजी व्हय?’’ धर्मा जरा थांबला. ‘‘आपली. आपली, वड्याच्या अंगाला.’’

हा लहानपणापासून असाच, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर नाही. त्याच्या पाठीमागे कुणीतरी खाकरलं. खाकरणं तात्यांचं वाटलं, पण मग त्यांनी फोन का घेतला नसता? मी हल्ली कशाचाही संशय घेते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते माझंच.

गुरुवार, २६ मार्च

उद्या. साडेआठला. तिकडे सहा, उजेड असेल.

सगळे प्रश्न पाठ, सगळी उत्तरं पाठ. एकच भीती, तात्या सवयीने ‘पोरी’ म्हणून जातील. नाही म्हणणार. त्यांनी आजवर मला कधी तोंडावर पाडलेलं नाही.

शुक्रवार, २७ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

खोलीत आम्ही तिघंच. व्हिटेकर मॅडम, लिंडग्रेन आजोबा, मी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तात्या आले तेव्हा मला धक्काच बसला. एवढं मोठं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. नवा पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, मागे जाळीत बकरी आणि खाली गेलेलं ऊन. दाढी करून आले होते. गालांची हाडं वर आली होती.

‘‘नमस्कार मॅडम,’’ म्हणाले. डोळ्यांत ओळखीचा टिपूसही नाही.

लिंडग्रेन आजोबांनी पहिलाच प्रश्न टाकला. मागे दिसतात त्या जनावरांना काय म्हणता?

‘‘बकरी.’’

आणि तिथे कोपऱ्यात बांधलेलं, शिंगवालं?

‘‘ते शेरडू हाय. शेरडाला बकरी कोन म्हनंल?’’

मी भाषांतर केलं. आजोबा चक्क टेबलावर हात आपटून हसले, म्हणाले, ‘‘अंकुरला सांगतो.’’ तळटीप चौदा वाचली. मॅडमनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. तिथेच कॉल संपला असता तर आज मी उमेदवार असते.

मॅडम म्हणाल्या, ‘‘हाक ऐकून कळप मान वर करतो असं तू लिहिलंयस. दाखवतील का?’’

मी विचारलं. तात्या एक क्षण माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या कुणाकडे तरी बघितल्यासारखे झाले. मग वळले, ओठ मुडपले आणि शीळ घातली. तीच, लांब ओढून शेवटी तोडलेली. माझीच मान वर झाली.

बकऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

त्यांनी परत घातली. एक कोकरू आईला ढुशा देत राहिलं. बाकीची खाली बघून चघळत राहिली. ‘‘दमल्यात,’’ तात्या म्हणाले. ‘‘लांबनं चालून आल्यात मॅडम.’’

आणि तेव्हा मी नीट बघितलं. मी महिनाभर प्रश्न बघत होते, उत्तरं बघत होते, बकरी बघितलीच नव्हती. आमच्या बकऱ्यांना शेपटीपाशी तांबडा ठिपका असतो. तो मी स्वतः लावलाय, दर दिवाळीच्या सुट्टीत. या सगळ्यांच्या मानेवर निळा पट्टा होता. निळा धर्माचा. शंभरातलं एकही आमचं नव्हतं.

फोनवर कोकरांचा आवाज का नव्हता, ते मला त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून कळलं.

मी काहीतरी भाषांतर केलं, दमल्यात वगैरे. आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना पाचवी ओळ हवी होती. त्यांनी विचारलं, राखायला दोघं लागतात म्हणता, एक पुढे, एक मागे. तुमचं मागचं माणूस कोण?

हा प्रश्न तालमीत नव्हता. मी मराठीत विचारला, दुसरं काय करणार. तात्यांनी पटका जरा वर सरकवला.

‘‘माजी लेक असायची मागं. शाळा सोडून न्हाई हां, सुट्टीत. लंगडं कोन, व्यालेलं कोन, मागं कोन ऱ्हायलंय, समदं तिच्या ध्यानात. मी कदी मागं वळून बगितलं न्हाई. तशी येळच आली न्हाई.’’ पटका परत नीट केला. ‘‘आता ती लांब शिकाय गेलीया. चांगलं झालं. मी चारलं आपलं एकट्यानं, जमलं तवर. एकट्याला राखवत न्हाई.’’ आणि मग, माझ्या चेहऱ्याचं त्यांना काय दिसलं कोण जाणे, आवाज उतरवून म्हणाले, ‘‘मॅडम, समदंच सांगाय पायजे आसं न्हाई. जरा हातचं राकून सांगा.’’

दोघं माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत सुरुवात केली, ‘‘त्यांची मुलगी मागे असायची.’’ पुढचं वाक्य येईना. ‘त्यांची’ परत म्हणावं लागणार होतं. मॅडम म्हणाल्या, ‘‘प्रणिता? पाणी घे.’’ मी पाणी घेतलं नाही. म्हटलं, ‘‘ती मुलगी मी. हे माझे वडील आहेत. फॉर्मवर मी खोटं लिहिलंय.’’

तात्यांना इंग्रजी कळत नाही. त्यांना एवढंच दिसलं की मी रडतेय आणि मास्तर गप्प झालेत.

‘‘काय झालं मॅडम?’’ ते म्हणाले. ‘‘माजं काय चुकलं का मॅडम?’’

‘‘तात्या, पुरे. पुरे आता.’’

तरी ते मला नावाने हाक मारेनात. त्यांना वाटलं मीच चुकून बोलून गेले, आणि त्यांनी तरी सांभाळून घ्यायला हवं. ‘‘मी यांना वळकत न्हाई सायब,’’ ते लिंडग्रेन आजोबांना म्हणाले, मराठीत, हात जोडून. ‘‘गावाकडच्या हैत, येवडंच.’’

ते मी भाषांतर केलं नाही. आजोबांनी विचारलंही नाही.

शनिवार, २८ मार्च

सकाळी फोन केला. धर्माचा नाही, तात्यांचा.

‘‘आपली बकरी कुठायत?’’

‘‘दिली.’’

‘‘कधी?’’

‘‘तू मागल्या जूनमदी येऊन गेलीस, त्याच्या म्होरल्या म्हैन्यात.’’

म्हणजे नऊ महिने. नऊ महिने मी दर रविवारी विचारते, बकरी कशी आहेत, आणि ते सांगतात, बरी हैत. दिवाळीत तर एका मेंढीला जुळी झाली म्हणाले होते. मी शरयूला मिठाई खाऊ घातली होती त्या जुळ्यांची, कशाची ते तिला न सांगता.

‘‘दोनदा कोल्ह्यानं मागनं कोकरू नेलं,’’ तात्या म्हणाले. ‘‘मला म्होरं कळलंच न्हाई. सांजच्याला मोजली तवा कळलं. मग म्हनलं, बास.’’

‘‘मला का नाही सांगितलं?’’

‘‘सांगितलं आस्तं तर तू आली आस्तीस. तुजं ते दोन शब्दांचं आर्धंच ऱ्हायलं आस्तं.’’

मला राग आला. खरंच आला, आणि तो मी बोलून दाखवला. म्हटलं तुम्ही मला फसवलंत. तात्या म्हणाले, ‘‘व्हय. आन तू मला मॅडम म्हनाय लावलंस.’’ त्यात टोमणा नव्हता, हिशेब चुकता केल्यासारखं म्हणाले आणि हसले. लाइन स्वच्छ होती. आता ती स्वच्छ लाइन मला ऐकवत नाही.

‘‘मी येते मे महिन्यात.’’

‘‘कशाला? बकरीच न्हाईत. राखाय काय हाय हितं?’’

फोन ठेवल्यावर शरयूने काही न विचारता पोहे पुढ्यात ठेवले. मी तिला सगळं सांगितलं, या वेळी हातचं न राखता. ती म्हणाली, ‘‘खा आधी.’’

सोमवार, ३० मार्च

व्हिटेकर मॅडमनी बोलावलं. चिडल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. फॉर्मवरचं खोटं त्यांना वर कळवावंच लागेल, एक चौकशी होईल. उमेदवारीचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत पुढे. फंडिंगचं त्या बोलून बघणार, खात्री नाही. प्रकरण परत लिहायचं, आणि सुरुवातीलाच सांगायचं की हे मला कसं माहीत.

‘‘तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर मी तुला मेंढपाळाची मुलगी म्हणून बघितलं असतं का? बहुतेक हो. तेवढी भीती खरी होती तुझी. पण वडिलांना तुझी ओळख नाकारायला लावलीस?’’

निघताना लिंडग्रेन आजोबा जिन्यात भेटले. म्हणाले, पाचव्या ओळीचं तुझं बरोबर आहे, दोन शब्द वेगळेच आहेत. मग जरा घुटमळून: ‘‘खालचा भाग फाटलाय तिथे मी नेहमी धरून चालत आलो की पुढे तो मालकाकडे माणूस मागतो. शुक्रवारनंतर वाटतं की मागतही नसेल. नुसतं सांगत असेल.’’

दिवसभर तेच डोक्यात. मागायचं नसतं तर पत्र लिहिलं कशाला? आणि तात्या त्या दिवशी काहीतरी उत्तर देऊन मोकळे होऊ शकले असते, पोरगं असतं मागे म्हणाले असते, कुणाला कळणार होतं. तसं म्हणाले नाहीत. परक्या माणसांसमोर, माझ्याच तोंडून वदवून घ्यायला, खरं तेवढं सांगितलं. मला लेक म्हणून सांगताच आलं नसतं त्यांना. मॅडमला सांगता आलं.

मे महिन्याचं तिकीट काढलं. चौकशी चालू असताना देश सोडला तर परत येताना अडवू शकतात, असं ऑफिसमधल्या बाईंनी बजावलंय. ऐकून घेतलं.

मग प्रकरण उघडलं. तळटीप चौदा खोडली आणि लिहिलं: माझे वडील राजाराम, मेंढपाळ होते. ‘आहेत’ लिहून ‘होते’ केलं, त्याला बराच वेळ लागला. मग वर पाचव्या ओळीपाशी आले. मेंढ्या मी एकटा चारतो, पण एकट्याला [मेंढ्या] राखवत नाही. तो काय राखायचं म्हणतो ते त्याने लिहिलेलं नाही, आणि माझ्या तात्यांकडे तर आता बकरी नाहीतच, तरी राखायला माणूस लागणारच आहे. कंसातल्या मेंढ्या मी काढून टाकल्या आणि तिथे काहीच घातलं नाही.